चौसष्ट गाद्या

जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या उस्तादनं पहिली नावं ठेवली ती शिडीला. दोन्ही बाजूंना कठडे, खाली जाळी आणि वर 'पायरी सांभाळा' अशी पाटी. "एवढं करूनही पडणारा माणूस असेल तर त्यानं पडलेलंच बरं," असं तो शिडीशी उभ्या असलेल्या खलाशाला म्हणाला आणि मुद्दाम कठड्याला हात न लावता चढला. वर त्याला हेल्मेट आणि नारिंगी डगला मिळाला, मग एका खोलीत बसवून पाऊण तास एक फिल्म दाखवण्यात आली. आग लागली तर पळावं आणि पाण्यात पडलं तर ओरडावं, हा तिचा एकूण मथितार्थ. तेहेतीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला हे शिकवणाऱ्यांची उस्तादला कीव आली. कीव करण्यात त्याचा हात कधीच आखडता नसे.

उस्ताद हा पाणबुड्यांचा मुकादम. म्हणजे होता, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पाण्याखालच्या दाबानं गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. मेव्हणा लवकर गेला तेव्हापासून धाकटी बहीण आणि तिची मुलगी त्याच्याच घरी राहत होत्या. सहा वर्षं तो घरी बसून शेजाऱ्याच्या नळदुरुस्तीला, टीव्हीवरच्या बातम्यांना आणि बहिणीच्या चहाला नावं ठेवत होता. समोरच्या भिंतीवर निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळ होतं आणि घड्याळाखाली पितळी पट्टी: 'ज्याची तारीख कधी चुकली नाही'. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे जात असे आणि त्याबद्दल घरात कुणी बोललेलं उस्तादला खपत नसे.

पण पट्टीवरचं म्हणणं धंद्यात सर्वमान्य होतं. 'उस्तादची तारीख' असं लोक म्हणत. इतर मुकादम वाऱ्याचं, लाटांचं, क्रेनचं रडगाणं गाऊन मुदत वाढवून घेत. उस्तादनं महिनाअखेर म्हटली की महिनाअखेरीला काम संपलेलं असे. ज्यांची तारीख चुके त्यांना तो माणसांत धरत नसे.

अशा माणसाला कंपनीचं पत्र आलं. तीस वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मांडलेला तेलाचा एक संसार आता मोडायचा होता. विहिरी आटल्या होत्या, सिमेंटनं बुजवूनही झाल्या होत्या. आता त्यांच्या तोंडावरची झडपांची गंजकी धुडं, पाईप आणि पाईपांवर घातलेल्या काँक्रीटच्या गाद्या असं सगळं उचलून किनाऱ्यावर आणायचं होतं. हे सगळं मांडलं तेव्हाचे कागद होते आणि त्या कागदांवर उस्तादची सही होती. म्हणून त्याला 'माहितगार' या हुद्द्यावर जहाजावर बोलावलं. तो आला. आणखी एक कारण होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही: भाची त्याच जहाजावर होती आणि ती काय करते ते त्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून नावं ठेवायची होती.

भाची करत होती ते असं. आता माणसं खाली जात नाहीत. खाली जातं ते एक यंत्र: मोटारीएवढं, पिवळं, पुढे दिवे आणि कॅमेरे, दोन लोखंडी हात आणि मागे जहाजापर्यंत आलेली जाड केबल. ते चालवणारा माणूस डेकवरच्या एका अंधाऱ्या केबिनमध्ये पडद्यांसमोर बसतो. भाची ते चालवायची. शेजारी लोखंडी हात हलवणारा तिचा जोडीदार असे, त्याला सगळे गप्प्या म्हणत आणि तो त्यावरही काही म्हणत नसे.

"कोरडे पाणबुडे," केबिनमध्ये शिरल्या शिरल्या उस्ताद म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणं त्यानं ऐकलं होतं. इथं तर उंटाला एसी होता. "पायाला पाणी लागत नाही आणि म्हणे खाली जाऊन आलो."

"तुझे गुडघे बघूनच मी हे काम घेतलं, मामा," भाची पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

चारचौघांत ती त्याला सगळ्यांसारखंच 'उस्ताद, तुम्ही' म्हणायची. एकटी असली की 'मामा, तू'. गप्प्याला ती चौघांत मोजत नसे.

आता या गाद्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. गादी म्हणजे उशीएवढाले काँक्रीटचे ठोकळे जाड दोरात ओवून केलेली सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद चटई. वजन नऊ टन. पाईपावर ती पसरली की कुणाचा नांगर किंवा जाळं पाईपात अडकत नाही. यादीत अशा चौसष्ट गाद्या होत्या, आणि नियम असा होता की यादीत जे जे आहे ते ते वर आलं पाहिजे. नाहीतर का आलं नाही हे कुणीतरी सहीनिशी लिहून दिलं पाहिजे. मगच तळ साफ झाल्याचा दाखला मिळणार. म्हणून उचलायच्या आधी भाचीनं पाईपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यंत्र नेलं आणि प्रत्येक गादीची जागा, खोली आणि वेळ नोंदवली. चौथ्या दिवशी सकाळी नोंद पुरी झाली. गाद्या भरल्या एक्केचाळीस.

त्याच दुपारी बैठक झाली. जहाजावर कंपनीचा एक प्रतिनिधी होता. त्याच्या नारिंगी डगल्यालाही कडक इस्त्री असायची, बाहीवर धारदार घडी. उस्तादनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'इस्त्री' ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. इस्त्रीनं टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर चौसष्ट, एकावर एक्केचाळीस.

"तेवीस गाद्या कुठं आहेत?" तो म्हणाला. मग त्यानंच उत्तरं द्यायला सुरुवात केली. "प्रवाहानं वाहून गेल्या असतील."

"नऊ टनांची गादी वाहून गेली," उस्ताद म्हणाला. "मग उशी पोहत गेली असेल."

"मासेमारीच्या जाळ्यांनी ओढून नेल्या असतील."

"जाळ्यात तेवीस गाद्या आल्यावर त्या कोळ्यानं केलं काय? घरी नेऊन निजला?"

खलाशी हसले. इस्त्री हसला नाही. ते त्याच्या हुद्द्यात बसत नसावं. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि सरळ उस्तादकडे वळला.

"उस्ताद, तुम्ही होता तिथं. तुमचं काय म्हणणं?"

इथं सांगायला हवं होतं. सांगायला जागा होती, वेळ होती आणि विचारणाराही होता. पण सगळ्या टेबलाचे डोळे त्याच्यावर लागले होते, नुकतंच सगळ्यांना हसवून झालं होतं आणि अशा वेळी उस्तादला स्वतःचा फार अभिमान वाटत असे.

"चौसष्ट टाकल्यात," तो म्हणाला. "खाली सही कुणाची आहे ते वाचा."

"मग सर्वेक्षण चुकलंय," इस्त्री म्हणाला आणि भाचीकडे वळला.

खरी गोष्ट अशी होती. तीस वर्षांपूर्वीचं ते काम म्हणजे मुकादम म्हणून उस्तादचं पहिलं काम. पाणबुड्या म्हणून नऊ वर्षं काढल्यावर मिळालेलं. त्यानं सगळ्यांना तारीख सांगून ठेवली होती. दोन दिवस उरले तेव्हा एक्केचाळीस गाद्या पाईपावर बसल्या होत्या आणि बाकीच्या अजून बार्जच्या, म्हणजे सामान वाहणाऱ्या सपाट जहाजाच्या, डेकवर रचलेल्या होत्या. एक गादी नीट बसवायला दोन पाणबुडे आणि दोन तास लागत. समुद्र शांत होता, माणसं धडधाकट होती, कुणाला दुखलंखुपलं नव्हतं. आणखी चार दिवस मागितले असते तर मिळाले असते; वरचे साहेब तसं बोलूनही गेले होते. पण नवा मुकादम पहिल्याच कामात तारीख चुकवतो, हे उस्तादला सोसवेना. त्यानं बार्ज पाईपापासून बाजूला घेतली आणि क्रेनवाल्याला सांगितलं, उरलेल्या इथंच सोड. एकावर एक. क्रेनवाल्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सोडल्या. मग उस्तादनं यादीत एक्केचाळीसच्या खाली चौसष्टपर्यंत आकडे घातले, प्रत्येकापुढे जागा, खोली आणि वेळ मनानं भरली आणि सही ठोकली. अक्षर त्याचं सुरेख होतं. बार्ज तारखेला बंदरात आली. तिथून ती 'उस्तादची तारीख' सुरू झाली.

तेवीस गाद्यांवाचून त्या पाईपाला तीस वर्षांत साधी सर्दी झाली नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता. क्रेनवाला वारला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. समुद्राचा तळ कधी कुणी झाडून काढणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता मात्र झाडू फिरत होता आणि तो भाचीच्या हातात होता.

इस्त्रीनं तिला दोन दिवस दिले. पुन्हा मोजायचं, नाहीच सापडल्या तर 'सर्वेक्षण विश्वासार्ह नाही' असा शेरा मारून तो दुसरा चालक मागवणार होता. भाचीचं मुख्य चालक म्हणून नाव लागलं होतं, पुढच्या जहाजावर, पुढच्या महिन्यात. असा शेरा एकदा बसला की मुख्य काय, दुय्यम म्हणूनही कुणी घेत नाही. या धंद्यात माणसाच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला की माणूस गेला. हे इस्त्रीनं सगळ्यांसमोर तिला समजावून सांगितलं, आणि उस्ताद तिथं बसून चहाला नावं ठेवत होता.

त्याचा हिशेब साधा होता. पोरगी पुन्हा एकदा फिरेल, एक्केचाळीसच निघतील, इस्त्री कंटाळेल. कागदी घोडे नाचवणारी माणसं, कुठला तरी रकाना काढून त्यात भरतील तेवीस गाद्या. 'गाळात गडप' असं लिहितील आणि दाखला घेऊन घरी जातील. त्यांच्या आळसावर उस्तादचा फार विश्वास होता.

भाची पुन्हा फिरली. या वेळी पाईपाच्या दोन्ही अंगांना पन्नास पन्नास मीटर, अगदी संथ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावर तोच करडा गाळ, शेवाळलेला पाईप, आणि मधूनच दिव्यांना बुजून पळणारा एखादा मासा. उस्ताद मागच्या खुर्चीवर बसून तिच्या वेगाला नावं ठेवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता, आणि इथं तर कळसा स्वतः मागे बसून वळशातल्या चुका काढत होता.

संध्याकाळी एक्केचाळीसच. गप्प्या जेवायला गेला. भाचीनं खुर्ची फिरवली.

"मामा, तू स्वतः मोजल्या होत्यास?"

"म्हणजे काय? मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोजतो?"

"तसं नाही. कधी कधी मुकादम वरून आकडा घेतात ना, म्हणून विचारलं."

"ते दुसरे मुकादम," उस्ताद म्हणाला.

तिनं मान हलवली. लहानपणी पुस्तकातलं काही अडलं की ती अशीच मान हलवायची. "मग माझंच चुकतंय," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

त्याच दिवशी बहिणीचा फोन आला. जहाजाचा फोन मिनिटभर मिळायचा. "पोरीवर लक्ष ठेव रे," ती म्हणाली, "तिचा आवाज बरा वाटला नाही. पण मामा आहे म्हणाली, काळजी करू नकोस." उस्तादनं तिला इथला चहा किती पांचट आहे ते सांगितलं आणि मिनिट संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो केबिनमध्ये आला तेव्हा यंत्र एका जागी थांबलं होतं. पडद्यावर गाळाचा एक उंचवटा होता, ताटाखाली कणीक झाकावी तेवढाच. भाची टाईप करत होती. उस्तादनं चष्मा लावून वाचलं: 'गादी क्र. ४२. गाळाखाली. संभाव्य.' वर पाहिलं तर ४३ आणि ४४ सुद्धा लिहून झाल्या होत्या.

"ही कसली गादी?" तो म्हणाला. "गाळ आहे नुसता."

"असेल खाली."

"तुला दिसतेय?"

"नाही."

"मग लिहितेस काय?"

"तू म्हणतोस चौसष्ट आहेत," भाची म्हणाली. डोळे लाल झाले होते. "तू मोजल्यात. मग कुठंतरी असणारच ना. मलाच दिसत नाहीयेत."

उस्तादला तिचा राग आला. अस्सल, पोटातून आलेला राग. एवढी हुशार पोरगी, कॅमेरा समोर, दिवे समोर, दोनदा एक्केचाळीस मोजलेत, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं टाकून एका म्हाताऱ्याच्या शब्दावर गाळाला गादी म्हणते. एवढी बावळट कशी निघाली? कुणाच्या तालमीत वाढली? हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि उत्तराला फार लांब जावं लागलं नाही. ती त्याच्याच घरात वाढली होती. त्या घड्याळाखाली बसून तिनं पाढे पाठ केले होते, आणि मामाची तारीख चुकत नाही ही त्या घरातली पहिली गोष्ट होती जी तिनं खरी मानली. न पाहिलेल्या गाद्यांपुढे जागा, खोली आणि वेळ भरायचं काम तीस वर्षांपूर्वी त्यानं केलं होतं. आज ती तेच करत होती. फरक एवढाच की त्यानं ते स्वतः वर चढायला केलं होतं, आणि ती करत होती त्याला खरं ठरवायला.

आयुष्यभर त्यानं खूप लोकांना तुच्छ मानलं होतं. त्या सगळ्यांत एकही असा नव्हता ज्यानं आपल्या भाचीला असं बसवून ठेवलं असेल.

"खोड ते," तो म्हणाला.

"का?"

"खोड म्हणतो ना." आणि तो इस्त्रीच्या खोलीकडे निघाला. गुडघे दुखत होते. जिन्याच्या कठड्याला त्यानं या वेळी हात लावला.

इस्त्रीची खोली इस्त्रीसारखीच होती. पेन्सिली एका रांगेत, फायलींच्या पाठी एका उंचीच्या. उस्तादनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: एक्केचाळीस, बार्ज, क्रेनवाला, ढीग. पाईपाच्या शेवटच्या वळणापासून नैर्ऋत्येला साडेतीनशे मीटर, बार्जचा मागचा नांगर पडला होता त्याच्या अलीकडे. गेल्या तीस वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की ती जागा त्याला आठवली नाही.

इस्त्रीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"बसा, उस्ताद. वयाप्रमाणे होतं असं. माझ्या वडिलांचंही होतं."

"मी खोटं लिहिलं होतं म्हणतोय."

"कागदावर चौसष्टचीही जागा आहे. खोलीसुद्धा दिलीय, दशांशात." त्यानं कागद काढून दाखवला. "तुमची सही आहे. तुम्ही भाचीसाठी बोलताय हे मी समजू शकतो."

उस्तादला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. तीस वर्षांपूर्वीचं त्याचं खोटं इतकं सुरेख अक्षरात लिहिलं होतं की आजचं खरं त्याच्यापुढे टिकत नव्हतं. आणि समोरचा हा घडीचा माणूस मूर्ख होता म्हणून नव्हे. तो फक्त सहीवर विश्वास ठेवत होता, जसा सगळ्या धंद्यानं ठेवला होता.

"मग दुसरा कागद द्या," तो म्हणाला. "त्यावरही सही करतो. सहीच लागते ना तुम्हाला?"

इस्त्रीनं लगेच कागद दिला नाही. "एक लक्षात घ्या," तो म्हणाला. "ही यादी खोटी म्हटलं की पुढच्या चोवीस वर्षांतल्या तुमच्या सगळ्या याद्या पुन्हा तपासाव्या लागतील. तुम्ही हात लावलेलं प्रत्येक काम. तुमचं नाव प्रत्येक जहाजावर जाईल, आणि चांगल्या अर्थानं नाही."

"याद्या तपासता येतात तर तुम्हाला," उस्ताद म्हणाला. "आल्या दिवशीच ही तपासली असतीत तर दोन दिवस वाचले असते."

पण हे बोलण्यात नेहमीची मजा आली नाही. त्यानं बसून अर्धा तास लिहिलं. अक्षर अजून सुरेख होतं, आणि त्याला पहिल्यांदा त्याची शिसारी आली.

इस्त्रीनं तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत मोठ्यानं वाचला. तसा नियमच होता. खलाशी ऐकत होते, क्रेनवाले ऐकत होते, आचारी दारात उभा होता. कुणी हसलं नाही. हसवणारा आज गप्प होता. भाची टेबलाकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिनं फक्त विचारलं, "नैर्ऋत्येला साडेतीनशे?" आणि उठून केबिनकडे गेली.

उस्ताद तिच्या मागे गेला. आपल्याला मागच्या खुर्चीवर बसू देतील की नाही याची त्याला खात्री नव्हती, पण कुणी अडवलं नाही. यंत्र पाण्यात उतरलं. ऐंशी मीटर खाली जायला वीस मिनिटं लागली आणि त्या वीस मिनिटांत केबिनमध्ये कुणी शब्द बोललं नाही. गप्प्याच्या गप्प राहण्यात आणि भाचीच्या गप्प राहण्यात केवढा फरक होता ते उस्तादला तेव्हा कळलं.

ढीग सापडला. दिव्यांच्या उजेडात आधी दोराचं एक तुटकं टोक दिसलं, मग ठोकळे, मग गादीवर कलंडलेली गादी, गाळात निम्मी बुडालेली. त्यानं सांगितलेल्या जागेपासून दहा मीटरही लांब नाही. तीस वर्षांनी जागा इतकी अचूक सांगितली म्हणून उस्ताद क्षणभर ताठ झाला आणि कुणी काही म्हणेल म्हणून वाट पाहू लागला. कुणी काही म्हटलं नाही, आणि आपण कशाची वाट बघतोय हे लक्षात येऊन तो पुन्हा वाकला.

मोजायला दुपार झाली. प्रत्येक गादीच्या चार कोपऱ्यांना दोराचे फास होते. गप्प्या पाण्याच्या फवाऱ्यानं गाळ उडवत होता, भाची फास मोजत होती. चारही बाजूंनी एकदा, मग उलट्या दिशेनं पुन्हा एकदा. मग तिनं नोंदीत आकडा घातला.

"बावीस," ती म्हणाली.

"तेवीस," उस्ताद म्हणाला.

"बावीस."

"एखादी खाली दबली असेल, नीट बघ. चौसष्टातून एक्केचाळीस गेल्या, राहिल्या तेवीस."

भाचीनं जॉयस्टिकवरून हात काढले आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुम्ही मोजल्या होत्या?"

केबिनमध्ये तिघंच होती. आणि तरी ती 'तुम्ही' म्हणाली. उस्तादनं ते ऐकलं आणि ते नीट ऐकू आलं आहे हे तिलाही दिसलं.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. डेकवर रचलेल्या गाद्या, क्रेनचा हुक, एकेक गादी पाण्यात जाताना उडालेलं पाणी. त्या वेळी तो क्रेनकडे बघत नव्हता. तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. कारखान्यातून चौसष्ट येणार होत्या, म्हणून चौसष्ट आल्या असं त्यानं धरलं. त्रेसष्ट आल्या असतील, किंवा चौसष्टावी बंदरातच राहिली असेल. कुणी पाहिलं होतं? तेवीस हा आकडा, जो त्यानं तीस वर्षं पापासारखा जपला होता, तोसुद्धा त्यानं नुसती वजाबाकी करून काढला होता.

"नाही," तो म्हणाला.

भाची पडद्याकडे वळली. तिनं नोंदीत 'बावीस, दोनदा मोजून' असं लिहिलं, सही केली आणि छापलेला कागद मागे सरकवला. खाली दुसऱ्या सहीची जागा होती: माहितगार. उस्तादनं खिशातून पेन काढलं आणि सवयीनं टोक कागदावर टेकवलं.

"आधी मोजा, उस्ताद," ती म्हणाली. "मग सही करा."

तिनं यंत्र फिरवून ढिगाच्या पहिल्या कोपऱ्याशी आणून उभं केलं. गप्प्यानं दिवे वाढवले. उस्तादनं चष्मा लावला, दुखऱ्या गुडघ्यांवर खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या फासावर बोट टेकवलं.

"पडद्याला हात लावू नका," भाची म्हणाली.

त्यानं बोट मागे घेतलं आणि लांबूनच मोजायला लागला. एक.